सहाने गेला की झालं

तिच्या नवऱ्याला सगळा कारखाना कटर मास्तर म्हणायचा आणि तो त्या नावाचा भारी तोरा मिरवायचा. माझ्या टेबलाखाली चिंधी सापडली तर मिशी उतरवीन, म्हणायचा. ती त्याच कारखान्यात शिलाई मशीनवर बसायची. मास्तर कापतो कसं आणि निस्तरतं कोण, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

लेक शिकायला परगावी निघाली होती. तिच्या खोलीचे दोन पडदे होते, एक निळा, एक पिवळा, दोन्ही नव्वद सेंटिमीटर रुंद आणि एकशे सव्वीस लांब. त्यांचे सारखे चौकोन कापून, जोडून पांघरूण करायचं आईने ठरवलं होतं. परक्या गावात पोरीच्या अंगावर घरचं काहीतरी असावं, एवढीच तिची हौस. पण ती कामावरून येईपर्यंत मास्तरने दोन्ही पडद्यांवर कात्री चालवून टाकली होती.

"बघ, सहा-सहाचे चौकोन! नव्वदला सहाने भाग जातो, एकशे सव्वीसलाही जातो. चिंधी म्हणून पडली नाही!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, सहाने गेला म्हणून तिथेच थांबलात?"

लेकीने तिथल्या तिथे हिशेब केला. "बाबा, नव्वदचे पंधरा भाग झाले, एकशे सव्वीसचे एकवीस. पंधरा आणि एकवीस, दोघांनाही अजून तीनने भाग जातो. सहा त्रिक अठरा. मसावि अठरा आहे. अठराचे कापले असते तरी चिंधी पडली नसती."

"लहान काय, मोठे काय, कापड तेवढंच ना?"

कापड तेवढंच म्हणे! चौकोनाचं प्रत्येक बाजूला एकेक सेंटिमीटर शिवणीत जातं. अठराचा सोळा उरतो, सहाचा जेमतेम चार. टेबलाखाली चिंधी नाही म्हणून ऐट, आणि निम्म्याहून जास्त कापड शिवणींच्या पोटात! वर अठराचे असते तर दोन्ही पडद्यांचे मिळून सत्तर तुकडे जोडायचे, ते झाले सहाशे तीस. कापणाऱ्याचं काय जातं? कात्री ठेवली की तो मोकळा.

पण पोरीच्या लहानपणाचे दुसरे पडदे आणायचे कुठून? कारखान्यातून आल्यावर ती रोज दातओठ खात तेच तुकडे जोडत बसायची. मास्तर मात्र ढाराढूर झोपायचा.

निघायच्या आदल्या दिवशी लेक पलंगावर आडवी झाली आणि आईने पांघरूण तिच्या अंगावर घातलं. ते गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पुरलं. मास्तर दारात उभा राहून मिशी चावत होता.

"छान झालंय गं," लेक म्हणाली. "मी पाय पोटाशी घेऊन झोपेन."

"का म्हणून?" आई कडाडली. "यांनी भागाकार अर्धवट सोडला, म्हणून तू पाय आखडायचे?"

लेकीने पाय केव्हाच वर ओढून घेतले होते.