जोडवी घट्ट झाली तेव्हा

पायातली जोडवी घट्ट झाली, तेव्हा आमच्या घरात आनंद झाला. केमोच्या महिन्यांत मी इतकी वाळले होते की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या आणि जोडव्यांना आतून दोरा गुंडाळावा लागायचा. पुढे केमो संपली, तीन आठवड्यांनी एकदा घ्यायची इंजेक्शनं तेवढी उरली, आणि भाद्रपद लागता लागता तो दोरा सोडून टाकावा लागला. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या, माझ्या पायाच्या बोटावरून बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "अंग धरायलीस गं बाई. देवीनं ऐकलं."

मलाही ते खरं वाटून घ्यायचं होतं. आरशात गाल भरलेले दिसत होते. डोक्यावर केस उगवत होते. पण नल्लकुंट्यातलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या अडतीस. त्यातल्या वीस झाल्या की माझी छाती भात्यासारखी चालायला लागायची. मी जिन्याच्या वळणावर थांबायचे आणि कोणी येताना दिसलं की पर्समध्ये किल्ली शोधायला लागायचे. किल्ली कधीच हरवलेली नसायची. पहिल्या मजल्यावरच्या तेलुगू बाईंना मी भलतीच विसरभोळी वाटले असेन.

लपवण्याचं कारण साधं होतं. माझी गाठ ज्या जातीची, तिच्यावर हे इंजेक्शन म्हणजे नेमका उतारा. एकूण अठरा घ्यायची होती. मात्र काही जणींच्या हृदयाला ते सोसत नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी हृदयाचा एको करायचा. माझ्या शेजारच्या खुर्चीत सलाईन घेणाऱ्या वरंगळच्या एका बाईंचं इंजेक्शन सहाव्यानंतर बंद झालं होतं. ते कळलं तेव्हा त्या डबा उघडून तशाच बसून राहिल्या होत्या. माझी नऊ झाली होती. उरलेली नऊ मला हवी होती. डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारायच्या, दम लागतो का, आणि मी दर खेपेला "छे" म्हणायचे.

सप्टेंबरचा एको नेमका महालक्ष्म्यांच्या दिवसांत आला. आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे तीन दिवस घर देवीच्या ताब्यात. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कुरडया, पापड, आणि सवाष्णींची पंगत. "महालक्ष्म्या उठू देत, मग जाऊ," असं म्हणालं कोण, तर मीच. विद्यानगरच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवणारी, मुलांनी एक दिवस उशिरा वही दिली तर त्यांना धारेवर धरणारी मी. त्या वर्षी सासूबाईंनी मला स्वयंपाकाला हात लावू दिला नाही, फक्त खायला बसवलं. आंबाडीचं लोणचं, सांडगी मिरच्या, तळलेले पापड. पान रिकामं झालं की पुन्हा वाढायच्या. मीठ आणि पाणी माझ्या अंगात साठत होतं, आणि आम्ही सगळे त्याला तब्येत सुधारली म्हणत होतो.

देवी उठल्या तोवर जोडवी मांसात रुतली होती आणि बोटं जांभळी पडली होती. साबण लावला, तेल लावलं, निघेनात. मग एकोला गेलो. डॉक्टरीणबाईंनी मला चपला काढायला लावल्या, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खड्डा तसाच राहिला.

"किती दिवस झाले?"

"दोन-तीन," मी म्हणाले.

"महिना झाला," हे म्हणाले. सबंध आजारपणात डॉक्टरांसमोर यांनी एवढीच दोन शब्दांची तक्रार केली. बाहेर आल्यावर मी भडकले, तर शांतपणे म्हणाले, "तुझ्या त्या किल्ल्या मी गॅलरीतून रोज ऐकतो."

पहिल्या एकोत हृदयाचा जोर बासष्ट टक्के होता. आता एक्केचाळीस. माझं दहावं इंजेक्शन थांबलं. हृदयाच्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली, आणखी दोन गोळ्या दिल्या, मीठ जवळजवळ बंद केलं, रोज सकाळी वजन करायला सांगितलं. आठ आठवड्यांनी पुन्हा एको. पन्नासच्या आसपास आलं तर बघू, म्हणाले. नाही आलं तर, असं मी विचारलं. ते म्हणाले, मग हे औषध विसरावं लागेल. मला इतका राग आला की रडूही आलं नाही. एक छाती मी या आजाराला दिली होती, केस दिले होते, शाळेचं वर्ष दिलं होतं. आता उरलेलं औषध द्यायला मी तयार नव्हते.

आधी जोडव्यांचा निकाल लावायचा होता. सासूबाईंना सांगितलं, कोठीच्या बाजारात सोनाराकडे जाऊन कापून आणते. त्यांचा चेहरा उतरला. "आज शुक्रवार आहे गं. सवाष्णीच्या पायातलं शुक्रवारी कापतात का? उद्या जा."

"आई, बोट शनिवारपर्यंत थांबायचं नाही," मी म्हणाले आणि रिक्षात बसले. कोठीतला म्हातारा कारागीर माझा पाय स्टुलावर ठेवून चष्म्यातून बघत राहिला. हातात बारीक करवत होती, पण चालवेना. "सुहाग की निशानी है अम्मा. काटूं क्या?"

"काटो चाचा. निशानी डब्बे में रहती. पाँव मेरेकू होना."

चांदीचा भुगा पायावर पडला. बोटं मोकळी झाली तेव्हा आधी मुंग्या आल्या आणि मग इतकी सणक आली की मी दुकानात ओरडले. पण ते दुखणं मला आवडलं. फार दिवसांनी अंगातली एक गोष्ट मी सांगितली म्हणून झाली होती.

घरी आले तर सासूबाई लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसलेल्या. यांनी त्यांना मिठाचं सगळं सांगितलं होतं. "मीच घातलं की गं तुझ्या पोटात," त्या म्हणाल्या. "पान भरभरून घातलं."

त्यांच्या जागी मी असते तर मलाही असंच वाटलं असतं. पण तेव्हा माझ्यात कुणाची समजूत घालण्याची ताकद नव्हती. "तुम्ही वाढलं, मी खाल्लं आणि दम लागतो हे सगळ्यांपासून लपवलं," मी म्हणाले. "दोष वाटून घेऊ. रडायचं नंतर. आज वरणात मीठ घालू नका."

त्यांनी वरणात घातलं नाही, भाजीत घातलं नाही आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या घराच्याच स्वयंपाकात घातलं नाही. ऐंशीच्या घरातली ही बाई, लोणच्याशिवाय घास न उतरणारी, लिंबू पिळून अळणी आमटी भुरकायला लागली. रोज सकाळी माझी नडगी अंगठ्याने दाबून बघायची आणि खिडकीच्या उजेडात खड्डा किती वेळ राहतो ते मोजायची.

जिन्याच्या वळणावर मी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. दोन दिवसांत सोसायटीचे सेक्रेटरी आले. जिन्यात सामान ठेवायचं नाही असा नियम आहे, म्हणाले. मी म्हटलं, नियम बरोबर आहे, माझं हृदय बरोबर झालं की खुर्ची उचलते, तोवर तुम्हीही बसत चला. पुन्हा आले नाहीत. खरं सांगायचं तर मी त्या खुर्चीवर बसत नव्हते. ठेवली होती हट्टाने आणि वापरायची नाही, हाही हट्टच. कुणी दिसलं की कठड्याला धरून उभी राहायचे आणि हसायचे.

तुळशीच्या लग्नाला बायका आल्या. एक लांबच्या नात्यातल्या वहिनी माझ्या पायांना कुंकू लावायला वाकल्या आणि माझ्या मोकळ्या बोटांकडे बघून थबकल्या. "हे काय? नवरा धडधाकट असताना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मी काढायला लावली. तिचे पाय सुजले होते. तू कुंकू लाव की." त्यांनी काढायला लावली नव्हती, त्या तर शुक्रवारवर अडल्या होत्या. ऊस आणि चिंचा-आवळ्यांत उभ्या राहून त्या सरळ खोटं बोलल्या, माझ्यासाठी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी कापराच्या धुरावर ढकललं.

चार दिवसांनी एको झाला. हृदयाच्या डॉक्टरांनी पडद्याकडे खूप वेळ बघितलं. सत्तेचाळीस. पन्नास नाही. ते फोनवर डॉक्टरीणबाईंशी बोलले आणि मग आम्हाला त्यांच्याकडे पाठवलं. हे आणि सासूबाई दोघंही सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि तोच प्रश्न विचारला.

"दम लागतो का?"

"छे" माझ्या जिभेवर होतं. तीन आकड्यांनी हुकलं होतं, आणि एवढासा होकार ते इंजेक्शन कायमचं बंद करू शकला असता. वरंगळच्या बाईंचा उघडा डबा आठवला. पण मागच्या वेळी त्याच "छे"ने मला एक्केचाळीसवर नेलं होतं. मी भीतीचं ऐकून खोटं बोलत होते आणि त्याला झुंजणं समजत होते.

"लागतो," मी म्हणाले. "वीस पायऱ्यांना लागायचा. आता तिसाव्या पायरीला लागतो. शेवटच्या आठ जड जातात. आडवं पडल्यावर लागत नाही, उशी एकच पुरते. वजन चार आठवड्यांत हललेलं नाही. आणि मला इंजेक्शन हवंय."

त्यांनी सगळं लिहून घेतलं. धोका तुम्हालाही आहे आणि मलाही, म्हणाल्या. मग म्हणाल्या, खरं सांगणार असाल तर चालू करू. एको दर महिन्याला, आणि दम वाढला तर त्याच दिवशी फोन. उद्या नाही, त्याच दिवशी. मी हो म्हणाले.

दहावं इंजेक्शन झालं. घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सासूबाई आणि हे पुढे गेले, मी सावकाश मागून. वीस पायऱ्या झाल्या, बरं होतं. चोवीस झाल्या, आणि त्या दिवशी तिथेच धाप लागली. पहिल्या मजल्यावरच्या तेलुगू बाई दार उघडून बघत होत्या. माझा हात सवयीने पर्सकडे गेला.

मी तो काढून घेतला, दोन पायऱ्या खाली वळणावर आले आणि खुर्चीवर बसले. "आई," मी वर हाक मारली, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "मला दम लागलाय. मी बसलेय."