जनाबाईच्या हातचा बाप्तिस्मा

ठाण्याच्या खाडीकाठी सोनखार नावाचं कोळ्यांचं गाव होतं. त्यात आठ-दहा घरं ख्रिस्ती कोळ्यांची, बाकी सगळी हिंदूंची. गावातली पोरं मात्र सगळी एकाच बाईच्या हातावर जन्माला यायची. ती सुईण म्हणजे जनाबाई. एकवीरेला नवस बोलणारी, नारळी पुनवेला खाडीला नारळ देणारी, आणि तोंडाची अशी फटकळ की बाळंतीण कळा विसरून तिचं बोलणं ऐकत राही. अशा या बाईच्या हातून कितीतरी पोरांचे बाप्तिस्मे झाले होते.

ते असं झालं की पाद्री कमी आणि गावं फार. सोनखारच्या इवल्याशा ख्रिस्ती देवळात फादर यायचे ते महिन्या-दोन महिन्यांनी, भरती बघून, होडीनं. तोवर नाजूक पोर काही थांबत नाही. म्हणून एका म्हाताऱ्या फादरांनी जनाबाईला बसवून शिकवलं होतं, "मी पोचलो नाही तर तू पाणी ओत आणि पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं एवढं म्हण. अडीनडीला कुणीही करू शकतं, हिंदू असलं तरी चालतं. मनात हेतू खरा पाहिजे." जनाबाईनं शब्द घोकून घोकून पाठ केले. नाव काय ठेवायचं, हे मात्र सांगायचं फादर विसरले. तिला पक्की वाटणारी ख्रिस्ती नावं दोनच. मुलगी झाली की मारी, मुलगा झाला की जुझे. मागाहून फादर आले की तेच नाव बाप्तिस्म्याच्या वहीत लिहून घेत.

सत्तरच्या सुमाराला ते येणंही थांबलं. पाद्री मिळेना, माणसं डोंबिवलीकडे नि मुंबईकडे निघून गेली, देवळाला कुलूप लागलं आणि वह्या ठाण्याच्या मोठ्या देवळात गेल्या. पुढं पंधरा वर्षांनी त्याच माणसांच्या पोरांना मुळं शोधायची हौस आली. ती ठाण्याला जात, वही उघडत, आणि तिथं माऱ्याच माऱ्या आणि जुझेच जुझे. त्यातली आपली आई कुठली, हे देवालाच माहीत. मग ही मंडळी घाम पुसत जनाबाईकडे यायची.

जनाबाई पाटावर बसून निवाडा करी. "कनची मारी? डाव्या कानामागं तील व्हता ती? ती पास्कूची. मंग तू पास्कूचा नातू." बोलण्यात कुठं शंकेला जागा नाही. एकदा तिनं एकाला चक्क भलत्याच चुलत्याच्या घरी धाडलं. तो तिथं पोटभर जेवला, गळ्यात पडून रडला आणि मुंबईला गेला. चूक उघडी पडली तेव्हा जनाबाई म्हणाली, "जेवला ना? मंग तो बी चुलताच." मला विचाराल तर बाई चुकली असेल, पण खोटं कधी बोलली नाही. जन्माच्या गोष्टीत खोटं बोललं तर सुईणीच्या हाताचं यश जातं, असं तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं आणि तिनं ते गाठीला बांधलं होतं.

या गाठीची परीक्षा झाली चौऱ्याण्णव साली.

सोनखारचा बस्त्याव डोंबिवलीला स्थायिक झाला होता. त्याची मुलगी मारी मानपाड्याला कंपनीत लागली होती. तिला आपलं नाव मुळीच आवडायचं नाही. कंपनीत ती स्वतःला मर्लिन म्हणवून घ्यायची. तिचं लग्न ठरलं, हॉल ठरला, आणि डोंबिवलीच्या फादरांनी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. तो निघेना. मारी जन्मली ती देवळाला कुलूप लागल्यानंतरच्या वैशाखात. जनाबाईनं पाणी घातलं खरं, पण लिहून घ्यायला मागून कुणी आलंच नाही. डोंबिवलीत आजवर मारीच्या आईच्या शब्दावर सगळं निभावलं होतं, आता ती आईही नव्हती. ठाण्याच्या देवळातले फादर इनास बस्त्यावला म्हणाले, "पाणी आणि शब्द बरोबर असतील तर तो बाप्तिस्मा पक्का. बाईंना घेऊन या. त्यांनी सांगितलं की मी नोंद करतो."

बस्त्याव आनंदानं सोनखारला गेला. जनाबाईला आणि मारीला घेऊन एसटीनं ठाण्यात खोपटच्या स्टँडवर उतरला, तेव्हा त्याला एकदम त्या दिवसाचं पाणी आठवलं.

"आये," तो जागीच थांबून जनाबाईला म्हणाला, "फादर विचारतील पाणी कसलं होतं. तू नुसतं पाणी बोल हां. नारळाचं बोलू नको."

"का?"

"नारळाचं चालत नाय गं. मग पोरीचा बाप्तिस्माच झाला नाय असा होईल. लगीन लांबेल. मुलाकडच्या लोकांना काय तोंड दाखवू मी?"

 रिक्षात जनाबाई मारीशेजारी बसली होती. मारीनं तिचा हात घट्ट धरला होता. ही पोर निळी पडलेली जन्माला आली होती. जनाबाईनं तिला उलटं धरून पाठीवर थापट्या मारून रडवलं होतं. हिचं लग्न आपल्या एका शब्दानं मोडावं, हे म्हातारीला सोसवेना.

फादर इनास तरुण होते, वसईकडचे. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, शब्द म्हणून दाखवायला सांगितले. जनाबाईनं एका दमात म्हटले. फादर खूश झाले.

"आणि पाणी?"

बस्त्याव जमिनीकडे बघायला लागला.

"नारलाचा," जनाबाई म्हणाली. "वैशाख व्हता. हिरीचा पानी खारा झालेला. खारा पानी जाल्याला ठीक, पोरीचे डोक्यावर कसा घालू? म्हनून घरातला सगल्यात चांगला नारल फोरला. देवाला देतो, मंग देवाचे पोरीला का नको?"

 मारी रडायला लागली. फादरांनी कपाळाला हात लावला, मग हळूच म्हणाले, "बाई, खाडीचं पाणी चाललं असतं. खारं असलं तरी पाणीच ते. नारळातलं मात्र आम्ही पाणी धरत नाही."

"मंग त्या म्हाताऱ्या फादरनं सांगायचा व्हता," जनाबाई म्हणाली. "तो नावाचा बी इसरला, पान्याचा बी इसरला."

फादर हसले ते हसलेच. मग म्हणाले, "तुम्ही पाणी म्हणाला असतात तर मी लिहून मोकळा झालो असतो, आणि ते खोटं या पोरीला जन्मभर चिकटलं असतं. थांबा, बिशपांना विचारतो. मारी लहानपणापासून देवळात वाढलेली आहे. लग्नाआधी बाप्तिस्मा देऊन टाकू."

परवानगी आली. लग्नाच्या आधल्या शनिवारी सोनखारचं जुनं देऊळ उघडलं. फादरांनी जनाबाईला सांगून ठेवलं होतं की पाणी तुम्हीच आणायचं. ती लुगड्याचा काष्टा आवळून भरतीच्या पाण्यात उतरली आणि तांब्या भरून आली.

फादर मारीला म्हणाले, "हा तुझा पहिलाच बाप्तिस्मा. नाव तुला हवं ते घे. मर्लिन लिहू?"

मारीनं तांब्या घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीकडे पाहिलं. जनाबाईच्या लुगड्यातून पाणी निथळत होतं.

"मारीच लिहा," ती म्हणाली.

जनाबाईनं तांब्या पुढं केला.