गोराईच्या खाडीतली व्याहीभेट

ताईच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तेवढ्यात तिचे सासू-सासरे एलटीसी काढून अंदमानला जाऊन आले आणि आमच्या घरावर संकट कोसळलं.

संकट अल्बमच्या रूपाने आलं. आम्ही बोरिवलीहून मुलुंडला त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर पानं मांडण्याआधी अल्बम मांडला गेला. प्रत्येक फोटोत एक बोट, एक बेट आणि मधोमध, मागचा समुद्र पूर्ण झाकून, ताईचे सासरे. व्याही अंगापिंडाने भरदार होते आणि सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर असल्याने बोलायचेही शेरा मारल्यासारखं. शेवटचं पान उलटून ते बाबांना म्हणाले, "तुमच्याकडे बोरिवलीला काय, खाडी आहे ना? डास असतील मग."

बाबा मूळचे मालवणकडचे. आईच्या कडेवर बसून मुंबईला आले ते परत कधी होडीत बसले नव्हते. पण पणजोबा गलबतावर होते, एवढ्या भांडवलावर ते स्वतःला दर्यावर्दी समजायचे. परतीच्या बसमध्ये पवई आल्यावर ते म्हणाले, "मी त्यांना बोटीने बेटावर नेणार."

"कुणाच्या बोटीने?" आईने विचारलं.

"आपल्या."

"आपली बोट आहे?"

"भाड्याने घेतली की त्या दिवसापुरती आपलीच ना गं!"

आणि त्यांनी खरंच घेतली. गोराईतल्या एका नाखव्याची मशीनची होडी ठरली. सकाळी निघायचं, खाडीच्या तोंडातून समुद्रात जायचं, किनाऱ्याजवळच्या एका चिमुकल्या बेटावर जेवायचं आणि संध्याकाळी परत. मी तेव्हा कॉलेजात होते; मला हा बेत झकास वाटला. ताईची मात्र झोप उडाली. तिच्या सासरी आमटीत मीठ कमी पडलं तरी आठवडाभर चर्चा चालायची. ती मला म्हणाली, "हे बघ, काही बिनसलं तर तुम्ही आपल्या घरी जाल. मी त्यांच्याबरोबर परत जाणार आहे. मला जन्मभर ऐकावं लागेल."

नाखव्याने बजावलं होतं, "येलेवर या. पानी कोनासाठी थांबत नाय." पण मुलुंडची मंडळी आली तीच उशिरा. वरपक्ष आल्याबरोबर त्याला चहाफराळाशिवाय बाहेर काढायची आमच्यात पद्धत नाही. आईने शिरा केला होता. विहीणबाईंनी आधी नको म्हटलं, कारण तसं म्हणायचं असतं. मग आईने आग्रह केला, कारण तो करायचा असतो. मग त्यांनी दोनदा घेतला. आम्ही खाडीवर पोहोचलो तेव्हा नाखवा बिडी ओढत आमच्याकडे बघत होता. बिड्यांची थोटकं बरीच पडली होती.

बाबांनी घरून खुर्ची आणली होती. घडीची, लोखंडी, आईने भरतकाम केलेल्या उशीसकट. ती होडीच्या मधोमध मांडून त्यांनी व्याह्यांना हात दिला, "बसा." व्याही बसले. विहीणबाई उभ्याच राहिल्या. बाबांचा चेहरा पडला. खुर्ची एकच होती! आईने चपळाईने मासळीची एक रिकामी पाटी पालथी घातली, तिच्यावर स्वतःची शाल अंथरली आणि म्हणाली, "तुमच्यासाठी मुद्दाम ऐसपैस केलीय."

विहीणबाई बसल्या, नाकाला पदर लावला आणि विचारलं, "वास कसला?"

"समुद्राचा," बाबा म्हणाले.

बोट निघाली. ताईचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, वडिलांच्या खुर्चीची पाठ धरून चवरी ढाळणाऱ्यासारखे उभे. व्याही खुर्चीतून शेरे मारू लागले. "अंदमानला इंजिनाचा इतका आवाज नव्हता." थोड्या वेळाने, "अंदमानला पाणी निळं होतं." आणि मग, "अंदमानला तिवरं अशी हाताला लागायची."

हा शेवटचा शेरा बाबांच्या जिव्हारी लागला. ते नाखव्याला म्हणाले, "काठाशी घ्या. साहेबांच्या हाताला तिवरं लागली पाहिजेत."

"ओहोटी लागलीय," नाखवा म्हणाला.

"मी मालवणचा आहे," बाबा म्हणाले.

यावर नाखव्याने एकदा बाबांकडे बघितलं, एकदा आभाळाकडे बघितलं आणि सुकाणू वळवलं. तिवरं व्याह्यांच्या हाताला लागली. त्याच क्षणी बोट चिखलाला लागली.

"वाट लागली!" मी म्हणाले. आईने मला चिमटा काढला.

नाखवा मात्र शांत होता. "सगली उतरा. हलकी झाली का ढकलू. आत्ताच्या आत्ता निघंल."

बाबा उतरले, गुडघ्यापर्यंत गेले. आई आणि मी साड्या-परकर खोचून उतरलो. ताई आणि भावोजी उतरले. आम्ही रेटा दिला. बोट ढिम्म. नाखवा बाबांच्या कानाला लागला, "त्या खुर्चीवाल्याला उतरवा. वजन तितंच हाय."

"अहो, ते व्याही आहेत!"

"मग?"

ज्या माणसाचे पाय आपण मांडवात दुधापाण्याने धुतले, त्याला चिखलात उतरा म्हणायचं कसं? बाबा चिखलातून वळसा घालून खुर्चीसमोर गेले आणि हात जोडून त्यांनी प्रस्तावना सुरू केली. "म्हणजे, आपल्याला तसदी द्यायची इच्छा नव्हती. पण प्रसंगच असा आलाय, की आपली हरकत नसेल तर..."

"चहा ना? घेऊ की," व्याही म्हणाले.

आता नाही कसं म्हणायचं! बाबांनी गुडघाभर चिखलात उभं राहून थर्मासमधून चहा ओतला. विहीणबाईंना बिनसाखरेचा लागायचा, तो वेगळ्या थर्मासमध्ये होता. तो आईने शोधला. मग चकल्या निघाल्या. व्याह्यांनी चहा फुंकून फुंकून प्यायला. त्यांचा तिसरा कप खाली येईपर्यंत बोटीभोवतीचं पाणी गेलं होतं.

"आता भरतीला," असं म्हणून नाखव्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि तो पुढच्या टोकाला आडवा झाला.

आम्ही पुन्हा बोटीत चढलो. ऊन चढू लागलं. आम्ही जेमतेम अर्धी खाडी आलो होतो. धक्क्यावरून फेरीबोटीने गोराईला जाणारी माणसं आम्हाला हात करत होती आणि भावोजी अंगवळणी पडल्यासारखे त्यांना परत हात करत होते. व्याही म्हणाले, "अंदमानला असं झालं नसतं."

त्यानंतर बाबांनी बोलणं सोडलं. मालवणी माणूस भांडतो तेव्हा काळजी नसते, गप्प बसतो तेव्हा असते. ते पाठ करून तिवरांकडे बघत बसले.

दुपार झाली. खुर्चीत चुळबुळ सुरू झाली. व्याही आधी या बाजूला कलले, मग त्या बाजूला. त्यांनी चहा आग्रहाने तीन कप प्यायला होता, हे माझ्या लक्षात आलं. उतरायची त्यांना आता फार गरज होती, पण कुणी "उतरा" म्हटल्याशिवाय ते उतरणार कसे? वरपक्षाने आपण होऊन पाय उचलायचा नसतो. "इथे चिखल घट्ट दिसतो," ते हवेला म्हणाले. बाबांनी ऐकलं नाही. "तिवरांमागे सावली असेल," ते म्हणाले. बाबांनी अजिबात ऐकलं नाही.

ताईच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. ती मला हळूच म्हणाली, "तू काहीतरी कर ना गं. हे असेच घरी आले तर माझं काही खरं नाही."

मी लग्नात करवली होते. जोडे पळवायचा माझा हक्क तेव्हा हुकला होता, कारण भावोजींनी दिवसभर पायातले जोडे काढलेच नव्हते. व्याह्यांनी मात्र खुर्चीत बसताना आपले चकचकीत बूट काढून शेजारी ठेवले होते. मी दोन्ही उचलले, उडी मारली आणि चिखल तुडवत तिवरांपाशी गेले.

"बूट हवे असतील तर या!" मी ओरडले. "मुलीकडच्यांचा हक्क आहे!"

"काय गो ह्या, बाय माझे!" आई कपाळावर हात मारून म्हणाली.

पण व्याह्यांचा चेहरा उजळला. "अस्सं? थांब, आलोच!" असं म्हणून त्यांनी विजार गुडघ्यावर चढवली आणि त्या माणसाने हनुमानासारखी उडी घेतली. जाताना हसत होते, ओरडत होते, "चोर! चोर!" माझ्यापर्यंत आले, माझ्याकडे न बघता पुढे गेले आणि तिवरांमागे दिसेनासे झाले. परत आले ते निराळेच गृहस्थ होऊन. रमत गमत, शीळ घालत. आणि अर्ध्या वाटेवर पाय रुतून बसकण मारली.

बाबा ताडकन उठले. रुसवा एकीकडे, व्याही चिखलात एकीकडे! त्यांनी धाव घेतली, काखेत हात घालून व्याह्यांना उचललं, व्याह्यांनी त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि दोघंही पाठीवर आडवे झाले. मांडवात भटजींनी सांगितल्यावर खांद्याला खांदा टेकवण्यापुरती व्याहीभेट झाली होती. ही मात्र चांगली कडकडून झाली. दोघं उठायचे, निसटायचे, पुन्हा एकमेकांना धरायचे. आम्ही हसून हसून बोटीला टेकलो. ताई तर रडत हसत होती. नाखवाही उठून बसला आणि म्हणाला, "हे मंगाशीच केलं असतं तर?"

भरती आली, बोट उठली, आम्ही बेटाकडे न जाता धक्क्याला आलो. व्याह्यांनी बाबांना "अरे" म्हणायला सुरुवात केली होती. बाबांनी त्यांना आपला पंचा दिला. ताईने माझा हात दाबला. वाचलो!

पुढच्या आठवड्यात भावोजी ताईचा निरोप घेऊन आले. सासरे खूश आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला चिखलाची गोष्ट सांगतात, पण सासूबाई कुणाशी बोलत नाहीत.

"का?" आईने घाबरून विचारलं.

तर विहीणबाई दिवसभर त्या पाटीवर बसून होत्या. आम्ही सगळे चिखलात लोळलो, त्यांना कुणी एका शब्दाने म्हटलं नाही, की तुम्हीही उतरा. वरमाईला बोलावणं नाही!

ही चूक मोठी होती. दुसऱ्याच रविवारी आई-बाबा मुलुंडला गेले, मागे मी. आईने विहीणबाईंना हळदकुंकू लावलं, ओटीत नारळ घातला आणि बाबा हात जोडून म्हणाले, "येत्या रविवारी आमच्याकडे चिखलात उतरायला यायचं हं. सहकुटुंब."

विहीणबाईंनी पदर सावरला. "बघते," त्या म्हणाल्या, "घरात विचारून कळवते."

स्वयंपाकघराच्या दाराआड ताई तोंडात पदर कोंबून उभी होती. जरा थांबून विहीणबाईंनी आईला विचारलं, "साडी कुठली नेसू?"