नवं आलं की जुनं फाडा

अकोले तालुक्यातल्या एका वाडीवरच्या अकरावीतल्या मुलीवर अन्याय झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या जेवणाच्या घंटेआधी. खासगी वसतिगृहानं तिची पेटी फाटकाबाहेर ठेवली. गुन्हा एवढाच, की ताटातल्या अळ्या तिनं वसतिगृहाच्या बाईंना दाखवल्या. भात पिकवणाऱ्या घरातली पोर. किडका तांदूळ तिला कळणार नाही तर कुणाला?

तिच्या खोलीतल्या मैत्रिणी माझ्याशी बोलल्या. बाजाराच्या दिवशी, बसथांब्यामागं, घाबरत. ते आवाज मी मोबाईलवर घेतले आणि आमच्या कार्यकर्त्यांच्या गटाच्या नोंदींच्या ॲपमध्ये टाकले. तिथं आहेतच म्हणून मोबाईलमधले पुसून टाकले.

पुढचं सगळं आमचं कर्तृत्व. भिंगारमधल्या ज्या खोलीत आम्ही बसतो, तिथं चहात साखर किती याचाही ठराव होतो. पहिलं ॲप साधं होतं, काम लिहा, झालं की टिक करा. मग कुणीतरी रंगीत चौकटींचं आणलं. हात वर, ठराव मंजूर. त्यात शोधलेलं सापडेना म्हणून तिसरं, ज्यात एका नोंदीवरून दुसरीवर उडी मारता येते. प्रत्येक वेळी मला खरंच वाटायचं, आता चळवळ मार्गी लागली! अन्यायाला लाल रंग की केशरी, यावर दोघं हातघाईवर आले. तिकडं मुलगी शाळा सोडून शेळ्यांमागं फिरत होती.

पत्रकं काढणाऱ्यांचा एक नियम असतो. नवं छापलं की जुना मसुदा फाडायचा, नाहीतर चुकीचा मजकूर गावभर फिरतो. तो नियम आम्ही ॲपला लावला. नव्या-जुन्या ॲपमधल्या सगळ्या ओळी जुळल्या तसे आमच्यातले सगळ्यात जुने कार्यकर्ते म्हणाले, "फाडा आता जुनं." जुनं खातं कायमचं पुसलं. मजकूर नव्या ठिकाणी आला होता. आवाज आलेच नव्हते. नोंदीखाली फक्त लिहिलेलं, 'आवाज जोडला आहे'.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, खातं तुमच्याच विनंतीवरून बंद झालंय, धन्यवाद. कसलं धन्यवाद?

आमच्या तक्रारीवरची चौकशी येत्या सोमवारी तालुक्याच्या कचेरीत आहे. अधिकाऱ्यानं बजावलंय, पुरावा आणा, नाहीतर फाईल बंद. मी वाडीवर गेले. मुलीची आई ओट्यावर तांदूळ पाखडत होती.

"आवाज मोबाईलात ठिवलाय म्हनली हुतीस ना? मंग लाव की."

"गेला, मावशी."

तिचं सूप थांबलं. "कोल्ह्यानं कोंबडी नेली तरी मागं पिसं घावत्यात. तुमच्यात त्येबी न्हाई?"

मुलगी दारात उभी होती. एवढंच म्हणाली, "ताई, माझ्या मैत्रिणींना परत इचारू नका. त्यांचीबी पेटी बाहेर निघंल."

नाही विचारणार. पण मग सोमवारी मी काय घेऊन जाऊ? ॲपमधली 'आवाज जोडला आहे' ही ओळ?

त्या वसतिगृहात राहून, शिकून बाहेर पडलेल्या बायांनो, हे मी तुमच्यासाठी लिहिलंय. ते ताट तुम्ही पाहिलंय. अळ्या बाजूला सारून जेवलाही असाल. तुमची पेटी आता कुणी फाटकाबाहेर ठेवू शकत नाही. मला मेसेज पाठवू नका, आवाज रेकॉर्ड करून पाठवू नका, मी तो कुठं ठेवीन याचा मलाच भरवसा नाही. सोमवारी स्वतः या, आणि त्या अधिकाऱ्यासमोर उभं राहून तोंडानं सांगा.