आदल्या संध्याकाळचं परान्न

एका प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं आणि त्याचा भार सात वर्षं माझ्या पत्नीनं वाहिला. हे लिहून ठेवावं असं फार दिवसांपासून मनात आहे.

सोलापुरातला लष्करी अंमल उठून वर्ष झालं असेल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी सोडावॉटरचं दुकान होतं. त्या जागी एका गोवेकरानं हॉटेल काढलं. हा गृहस्थ कैक वर्षं एका इटालियन आगबोटीवर आचारी होता. इराण्याचा चहा आणि स्टेशनाजवळच्या खानावळी गावाला ठाऊक होत्या, पण 'इटालियन पद्धतीचे जेवण' अशी पाटी कुणी पाहिली नव्हती. मी शाळेत भूगोल शिकवीत असे. ड्रॉइंगचे मास्तर बायकोला घेऊन तिथं जाऊन आले आणि मधल्या सुट्टीत मला म्हणाले, "काय हो, पोरांना रोज इटलीचा बूट दाखवता. त्यात पाय घातलाय का कधी?" सगळे हसले. मीही हसलो, पण ते बोलणं मला लागलं.

घरी आम्ही दोघंच. आईवडील वारलेले, मूल अजून झालं नव्हतं. त्या मंगळवारी शाळेतून येताच मी पत्नीला म्हणालो, "आवर. आज बाहेर जेवायचं."

ती डाळ निवडत होती. "अहो, मामंजींचं श्राद्ध आलंय की. पाळायला नको?"

"श्राद्ध गुरुवारी. पाळायचं ते उद्यापासून. आज काय हरकत आहे?"

"नक्की गुरुवारीच ना? काकांना पत्र टाकून विचारलंत का?"

"भिंतीवर कॅलेंडर आहे. गुरुवारी दशमी लिहिलीय. वाचता येतं मला."

तिनं डाळ बाजूला ठेवली. चाफेकळी रंगाचं लुगडं नेसली, पण चेहरा उतरलेला होता. तिला यायचं नव्हतं. हे मी इथं स्पष्ट लिहितो, कारण पुढं मी नेमकं याच्या उलट सांगितलं.

हॉटेलात चार टेबलं होती. आम्हाला खिडकीजवळचं मिळालं, आणि बसल्या क्षणापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस मला शाळेच्या कमिटीतला वाटू लागला. फुलवाली गेली, तिनं पाहिलं की काय? पत्नी खुर्चीच्या कडेवर पदर घट्ट धरून बसली होती. मालक स्वतः दोन बशा घेऊन आला. लाल रश्शात पांढऱ्या पोकळ नळ्या होत्या.

"मास्तर, मांस नाही, अंडं नाही. टमाटे आणि चीज. बिनधास्त खावा."

टमाटे म्हणजे बेलवांगी. आमच्या घरात ती कधी चढलीच नव्हती, तांबड्या रंगामुळं. पत्नीनं एक नळी काट्यानं उचलून निरखली आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसली. "अहो, हे सरगुंडे आहेत! माझ्या आत्याबाई काडीवर कणीक गुंडाळून करतात. त्यांना सांगितलं तर म्हणतील, एवढ्यासाठी बोटीवर कशाला जायचं?"

माझा जीव जरा हलका झाला. तिनं दोन घास खाल्ले, मी निम्मी बशी संपवली. आणि मान वर केली तर खिडकीबाहेरून काका चालले होते.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. जेऊरला राहत, भिक्षुकी करीत. वडिलांच्या श्राद्धाला ते दरवर्षी आदल्या संध्याकाळच्या गाडीनं येत. काखेत सोवळ्याच्या धाबळीची गुंडाळी, खाली मान, झपझप पावलं. काका आज आले म्हणजे श्राद्ध उद्या. तेव्हा कुठं मला आठवलं. कॅलेंडरात छापतात ती सूर्योदयाची तिथी. श्राद्धाला दुपारची तिथी धरतात. दशमी बुधवारी दुपारीच लागत होती. वडिलांनी मला हे लहानपणी दहादा सांगितलं होतं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी एकदाच जेवायचं, आणि परान्न, म्हणजे बाहेरचं अन्न, वर्ज्य. कर्त्यालाही, आणि पितरांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईलाही. वडील गेल्यापासून तो स्वयंपाक पत्नीच करीत होती. आमच्या कुळात सुनेला त्याहून मोठा मान नव्हता.

मालकाला काहीबाही सांगून आम्ही मागच्या दारानं निघालो. काका आमच्या ओट्यावर, कुलूप लावलेल्या दाराशी बसले होते.

"अरे, दिवेलागणीला घर बंद करून कुठं गेला होतात?"

"देवळात," मी म्हणालो.

"बरं झालं. मी तर फराळ करून निघालोय, तुमचंही एकभुक्त झालंच असेल." मी मान हलवली. पत्नी कुलूप काढत होती.

आत गेल्यावर ती माझ्या कानाशी म्हणाली, "सांगून टाका. या हातांनी मी पिंडाचा भात शिजवणार नाही."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

मी सकाळी सांगतो म्हणालो. सकाळ झाली, काकांची आंघोळ झाली, त्यांनी दर्भ काढून ठेवले, तरी मी सांगितलं नव्हतं. काका सोवळं आणायला उठले तेव्हा तीच पुढं आली. "काका, मला सोवळं देऊ नका. काल संध्याकाळी आम्ही हॉटेलात जेवलो. तिथी चुकली."

काका उभ्या जागी थांबले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. "कुणाची हौस ही?"

माझी, असं म्हणायचं होतं. तीनच अक्षरं लागली असती, 'माझी हो'. मी म्हणालो, "तिला एकदा बघायचं होतं."

तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. ती रागावलेली नव्हती. शेजारचं मूल पडावं आणि आपण थबकून बघावं, तसं पाहिलं.

"पुरुष चुकतो," काका म्हणाले, "घर बाईनं सांभाळायचं असतं." त्यांनी मला पंचगव्य दिलं आणि मी शुद्ध झालो. स्वयंपाकाला मागच्या गल्लीतल्या एका बाईंना बोलावलं. पत्नी दिवसभर परसदाराशी पोत्यावर बसून होती. आत तिचीच भांडी वाजत होती, आणि त्या बाई मधूनच विचारायच्या, "अहो, तुमचं मीठ कुठंय?" तेवढ्याला ती उत्तर द्यायची.

पुढं दरवर्षी त्याच बाई येत राहिल्या. काका कधी तोडून बोलले नाहीत, फक्त आदल्या आठवड्यात कार्ड लिहायचे, 'स्वयंपाकाला बाई सांगून ठेवणे.' ते कार्ड पत्नीच वाचायची आणि बाईंकडं निरोपही तीच न्यायची. मी ते सात वेळा पाहिलं.

गेल्या वर्षी काकांचं दुखणं वाढलं तेव्हा मला राहवलं नाही. चार ओळींचं पत्र लिहिलं. हौस माझी होती, ती नको म्हणत होती, मी खोटं बोललो. टाकण्याआधी तिला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. "टाका," म्हणाली, "तुम्हाला बरं वाटेल."

काकांचं उत्तर आलं. अक्षर थरथरलेलं होतं. 'माझ्याकडून सूनबाईवर अन्याय झाला. यंदाचा स्वयंपाक तिनेच करावा. तिला माझे आशीर्वाद.'

मी ते कार्ड मोठ्या आशेनं तिच्या हाती दिलं. तिनं दोनदा वाचलं, डोळे पुसले, देवाजवळ ठेवलं. मग पायात वहाणा घातल्या.

"कुठं निघालीस?"

"बाईंना सांगून येते. परवा श्राद्ध आहे ना."

"अगं, पण काकांनी..."

"काकांचं समजलं हो मला," ती उंबऱ्यातून म्हणाली. "त्यांच्यावर माझा राग नाही. पण तुमच्या घरच्या पितरांचा स्वयंपाक आता माझ्यानं नाही व्हायचा."