सील शाबूत

सोमवार, १२ मे. हजर: मी, पीएचडीची विद्यार्थिनी मृणाल आणि स्टोअरकाका. टेबलावर शनिवारी दुपारी आलेली थर्माकोलची पेटी. सील शाबूत, आतल्या बर्फाचं पाणी.

भिलाईतल्या एका फार्मसी कॉलेजची प्रयोगशाळा मी सांभाळते. काका पोलाद कारखान्याच्या भांडारातून निवृत्त होऊन आमच्याकडे आले होते. कानामागे कायम खडू. येईल त्या खोक्यावर तो फिरायचा: 'तपासणी बाकी'. जबाबदार माणसानं पाहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात सील तोडलं नव्हतं. चहाच्या साखरेची पिशवीसुद्धा मला बोलावून फोडायचे. या माणसावर माझा जीव होता आणि दिवसातून चारदा मी त्यांच्यावर वैतागायचे.

पेटीत ओरेक्सिन होतं. मेंदूला जागं ठेवणारं न्यूरोपेप्टाइड, फक्त संशोधनासाठी मिळणारं. मृणालला ते उंदरांच्या झोपेवर तपासायचं होतं. मागणी गेली तेव्हा काका म्हणाले होते, "ताई, जागं ठेवाले इकत आणून राहिले? आमच्या प्लांटात रातची सी शिफ्ट फुकट होती!"

त्या सोमवारी कोणी हसलं नाही.

"काका, आते ही फ्रीजर में रखना था ना!" मृणाल रडवेली झाली. "पेटीवर लिहिलंय, उणे वीस!"

"अख्खी पेटी फ्रीजरात मावे ना, बेटा. कुपी काढाची तं सील तोडा लागे."

"मग तोडायचं! नाहीतर मला फोन करायचा!" मी ओरडले.

काकांनी कानामागचा खडू काढून खिशात टाकला.

कुपीतली पूड दिसायला ठीक होती, पण मेच्या उन्हाळ्यात दोन दिवस बाहेर राहिलेल्या पुडीवर प्रयोग कोण करणार? मृणालचं काम लांबलं. विभागप्रमुखांनी लेखी खुलासा मागितला. अर्धं पान मी दहा मिनिटांत लिहून दिलं: कोणी, कधी, काय चुकवलं. काकांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"चुकलं माहं, ताई. पन पेटी जशी आली तशीच देली."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. त्यांच्या जागी आलेला माणूस दारातच सुरी चालवतो. गेल्या आठवड्यात खोक्याबरोबर आतली बाटलीही चिरली.

त्याच्यासाठी नवी सूचना-यादी लावायला म्हणून स्टोअरच्या दारावरची जुनी काढली. माझंच अक्षर. कलम चार: माझ्या गैरहजेरीत कोणतीही पेटी उघडू नये. कलम नऊ: आलेल्या मालासाठी मला सुट्टीच्या दिवशी फोन करू नये. शनिवारी मी सुट्टीवर होते. काकांनी तेव्हा नुसतं दाराकडे बोट दाखवलं असतं, तर मी तोंड उघडलं नसतं. दाखवलं नाही.

नवी यादी लावली. ओरेक्सिनची मागणी पुन्हा गेली. त्या अर्ध्या पानात ही दोन कलमं घालून ते विभागप्रमुखांना नव्यानं द्यायचं, आणि त्याची प्रत घेऊन रुआबांध्याला काकांच्या घरी जायचं, एवढं राहिलंय.