दामूची गोधडी आणि मुरबाडचं लग्न

आधी येसूकाकूंचं नाव घेते. शेजारच्या घरातल्या या माझ्या चुलत सासूबाई. त्यांच्यामुळेच मी दिराच्या लग्नाला मुरबाडला जाऊ शकले. तिथं माझी जी शोभा झाली, तिच्यात मात्र त्यांचा हात नव्हता. (पाय होता. ते पुढं येईल.)

माझा दामू पाच वर्षांचा. चांगला कोरडा निजणारा पोरगा, पण धाकटी जन्मली आणि हा रोज गोधडी भिजवू लागला. आमच्या कुंपणावर गोधडी पडली की अख्ख्या वैशाखरे गावाला उजाडलेलं कळायचं! माझं माहेर लांब साताऱ्याकडं, शाळा चौथीत सुटलेली; विचारायचं कुणाला? सासूबाईंनी सांगूनच टाकलं, व्याह्यांच्या दारात गोधडी वाळत पडायला नको, पोराला घेऊन तू घरीच राहा. आणि त्या लग्नाला माझा भाऊ येणार होता! सासरी आल्यापासून माहेरचं माणूस मी पाहिलं नव्हतं.

मग उपाय सुरू झाले. यावर तीळगूळ चांगला, हे सगळ्यांनाच ठाऊक. सकाळी मी लाडू द्यायची. दुपारी सासूबाई मला न सांगता द्यायच्या. संध्याकाळी मामंजी आम्हां दोघींना न सांगता द्यायचे. (दामू तर कुणालाच काही सांगत नसे!) एवढा गूळ पोटात गेल्यावर तहान लागणारच, निजताना पोरगा तांब्याच तोंडाला लावी. घरातले तीळ संपले, गोधड्या संपल्या, शेवटी कुंपणसुद्धा पुरेना.

येसूकाकू आल्या होत्या तीळ मागायला. कुंपण बघून थबकल्या.

"कदी कोरडा निजायचा का गो?"

"दोन वर्षं कोरडा होता."

"मंग ह्यो पक्कं मडकं. कच्चं असतं तं पयल्यापासून पाझरलं असतं, वयानं आपसूक भाजलं असतं. पक्कं गळाया लागलं म्हंजे कुटं तरी ठेच लागली. ती शोद. तीळ नको शोदू."

ठेच माझ्या मांडीवरच होती. धाकटीनं दुपटं भिजवलं की सगळं घर 'अगो बाय माझी' म्हणत तिला उचलायचं. दामूला मात्र आम्ही माझ्या कुशीतून काढून ओटीवर आजोबांशेजारी टाकला होता. जो भिजतो तो उचलला जातो, हे पोरानं बरोबर ताडलं होतं!

काकूंनी लाडू बंद केले, दामूला माझ्या कुशीत आणवला आणि धाकटीच्या दुपट्यांवर त्यालाच मुकादम नेमला. दुपटं ओलं झालं की हाळी द्यायची. आता मुकादमानंच भिजून कसं चालेल? लग्नाआधी कुंपण मोकळं झालं.

"चल," सासूबाई म्हणाल्या, "पन काय झालं तं तुझी तू बघ."

मुरबाडला व्याह्यांनी कोऱ्या गोधड्या अंथरल्या. मला धीर कुठला! दामूनं जास्त पाणी पिऊ नये, म्हणून भरलेला तांब्या मी माझ्याच उशाशी घेऊन निजले.

सकाळी सासूबाईंनी सगळ्यांच्या आधी येऊन दामूची बाजू चाचपली. कोरडी ठणठणीत! धाकटीचं दुपटंही कोरडं! मी जिंकल्यासारखी उठून बसले, आणि मुकादमानं मांडवापर्यंत ऐकू जाईल अशी हाळी दिली:

"आजीऽ! आईनं केलंऽ!"

तांब्या माझ्या पाठीशी आडवा पडलेला. मी तो दाखवणार, एवढ्यात काकूंनी पायानं हळूच गोधडीखाली सारला. मांडवातून भाऊ धावत आला, माझं ओलं लुगडं बघून म्हणाला, "आक्का, ल्हानपनीची खोड अजून सुटली न्हाई व्हय?"

बायका हसून लोटपोट. काकू तेवढ्या गंभीर.

"ही बी पक्कं मडकंच," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "ठेच म्हायेराची हाय. धाडा चार दिस."

सासूबाईंनी मला मुरबाडहूनच भावाबरोबर माहेरी धाडलं!

काकूंचे हे उपकार मी एक दिवस नक्की फेडणार. माझ्या मऊ लुगड्यांची गोधडी त्यांना शिवून देणार आहे. काकूंना तसं सांगितलंही.

त्या म्हणाल्या, "दे गो. पन आदी तू तिच्यावर निजून नको बघू."